लायोनेलचा झेडडब्ल्यू घरी उघडताना : जुन्या खेळगाड्यांच्या ट्रान्सफॉर्मरची दुरुस्ती

रुळांवरचा

नमस्कार मंडळी. मामांनी जपून ठेवलेली लायोनेल या अमेरिकन कंपनीची ओ गेजची (रुळांच्या एका ठरावीक रुंदीची) खेळगाडी आणि तिचा ट्रान्सफॉर्मर आता माझ्याकडे आलाय. ट्रान्सफॉर्मर झेडडब्ल्यू मॉडेलचा आहे. पट्टीवर 275 वॅट, 115 व्होल्ट, 60 सायकल असं लिहिलंय. काळ्या बेकेलाइटचं जडशीळ धूड, दोन्ही टोकांना मोठ्या मुठी (ए आणि डी) आणि मधे दोन लहान (बी आणि सी).

मेन्सच्या वायरीला हात लावला तर वरचं रबर तुकडे होऊन हातात आलं, आतली तांब्याची तार उघडी दिसतेय. मामा सांगायचे की शेवटी शेवटी शिट्टी वाजेनाशी झाली होती, आणि ए ची मूठ फिरवताना गाडी ठरावीक जागी आचके द्यायची.

माझ्या भिंतीतून 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ येतात. 230चे 110 व्होल्ट करणारा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर हाताशी आहे. एकदा लावून बघू, की आधी उघडू? सोल्डरिंग येतं, मल्टीमीटर आहे, पण मेन्सवर चालणारी इतकी जुनी वस्तू आजवर उघडलेली नाही.

तांब्याचे_वेढे

लावून बघू नका. एक सेकंदही नाही. बाहेरचं रबर तुटतंय म्हणजे खोक्याच्या आतला वायरीचा तुकडाही तसाच झालेला असणार, आणि तो ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडी गाभ्याच्या पत्र्यांना टेकून बसलेला असतो.

पट्टीवर 275 वॅट आहे, म्हणजे तुमचा नग 1950 किंवा नंतरचा. झेडडब्ल्यू 1948 मध्ये आला तेव्हा 250 वॅटचा होता, 1950 पासून 275 झाला आणि 1966 पर्यंत बनत राहिला. हे वॅट भिंतीतून किती घेतो त्याचे आहेत, रुळांना मिळणारे नव्हेत. रुळांपर्यंत 180च्या आसपास पोचतात. पुढे गाड्या आणि दिवे जोडताना हा आकडा धरून चला.

एक गोष्ट मनात पक्की करून कामाला बसा. या यंत्रातलं लोखंड आणि तांबं सहसा मरत नाही. मरतं ते त्याच्या भोवतालचं: वायरीवरचं रबर, शिट्टीचा रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा भाग), मुठींखालचे कार्बनचे रोलर, जास्त करंट झाला की तोडणारा ब्रेकर. चारही बदलता येतात. मुख्य गुंडाळीचं इन्सुलेशनच गेलं असेल तर मात्र तिथे थांबायचं. ती घरी पुन्हा गुंडाळायच्या भानगडीत पडू नका, नग सुट्या भागांसाठी ठेवून द्या.

क्रम असा ठेवा. खोकं उघडा, जुनी वायर तिच्या सोल्डरच्या जोडापर्यंत पूर्ण काढा, मधे कापून नवी जोडू नका. मग दोन्ही मेन्स टोकं एकत्र पिळून ती टोकं आणि गाभा यांच्यात 500 व्होल्टच्या मेगरने (जास्त व्होल्ट देऊन इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरने) इन्सुलेशन मोजा. मल्टीमीटर इथे कामाचा नाही, तो नऊ व्होल्टच्या बॅटरीवर बघतो आणि सगळं उत्तम आहे म्हणून सांगतो. एक मेगओहमच्या खाली आलं तर पुढे जायचं नाही. चांगल्या कोरड्या नगात ते कितीतरी जास्त येतं. तसंच मेन्सची गुंडाळी आणि रुळांकडची गुंडाळी यांच्यात मोजा, हे मोजमाप तर त्याहून महत्त्वाचं. मुलं हात लावतात ते रूळ आणि भिंतीतला करंट यांच्यामध्ये तेवढंच इन्सुलेशन आहे.

आकडा कमी आला तर लगेच निराश होऊ नका. वर्षानुवर्षं बंद पडलेल्या नगात दमट हवा शिरलेली असते. कोमट, कोरड्या जागी दोन-तीन दिवस ठेवून पुन्हा मोजा. चढत गेला तर ओल होती.

सिरीज_बोर्ड

वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. वायर बदलल्यावर पहिल्यांदा वीज देताना 100 वॅटचा जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब सिरीजमध्ये ठेवा. एलईडी चालणार नाही. बल्ब क्षणभर चमकून मंद झाला तर ठीक, भगभगत राहिला तर आत शॉर्ट आहे. बल्ब 230च्या बाजूला, स्टेपडाउनच्याही आधी लावा. झेडडब्ल्यू न जोडता एकदा बघून घ्या, म्हणजे नुसत्या स्टेपडाउनने किती उजेड पडतो ते कळेल.

हर्ट्झमापी

@रुळांवरचा, स्टेपडाउनबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. 110 व्होल्ट मिळाले म्हणजे काम झालं असं वाटतं, पण स्टेपडाउन हर्ट्झ बदलत नाही.

गाभ्यातलं चुंबकीय क्षेत्र व्होल्ट भागिले हर्ट्झ या हिशोबाने ठरतं. 60 हर्ट्झसाठी बनवलेल्या गाभ्याला 50 हर्ट्झवर 110 व्होल्ट दिले, तर ते त्याला 132 व्होल्ट दिल्यासारखंच झालं. गाभा संपृक्त व्हायला लागतो (त्यात आणखी चुंबकत्व मावत नाही), घुमतो, आणि रुळावर काहीही नसताना तापतो. 115 व्होल्टच्या नगाला 50 हर्ट्झवर 96 व्होल्टच द्यायला हवेत. त्यासाठी स्टेपडाउनच्या पुढे व्हेरिअ‍ॅक (व्होल्ट कमी-जास्त करता येणारा ट्रान्सफॉर्मर) लावा आणि तो 96च्या पुढे जाणार नाही असा अडसर बसवा. रुळांवर 20च्या जागी साधारण साडेसोळा व्होल्ट मिळतील. जुन्या इंजिनांना ते भरपूर होतात, मी कित्येक वर्षं तेवढ्यावरच चालवतोय.

स्टेपडाउन निदान 500 व्हीए (व्होल्ट-अँपिअर) क्षमतेचा आणि दोन वेगळ्या गुंडाळ्यांचा असू द्या. एकाच गुंडाळीच्या ऑटो ट्रान्सफॉर्मरमध्ये 110च्या बाजूचं टोक जमिनीच्या मानाने 230वर असू शकतं, आणि झेडडब्ल्यूचं इन्सुलेशन तेवढ्यासाठी बनवलेलं नाही.

रुळांवरचा

सगळ्यांचे मनापासून आभार. हर्ट्झचा मुद्दा माझ्या गावीही नव्हता.

उघडला. बेकेलाइट शाबूत आहे. आतली वायर म्हणाल तर बाहेरच्यापेक्षा वाईट, एका जागी तार आणि पत्रे यांच्यात कागदाच्या जाडीइतकंही अंतर नव्हतं. मेगर उसना आणला. मेन्स ते गाभा पहिल्या दिवशी 4 मेगओहम, तीन दिवसांनी 60च्या वर. मेन्स ते रुळांची गुंडाळी 100च्या वर.

ए च्या मुठीखालच्या रोलरवर एका बाजूला सपाट चरा पडलाय, आणि तो ज्या उघड्या वेढ्यांवरून फिरतो तिथे काळा थर आहे. रोलर फिरतच नाही, नुसता घासत जातो. तांब्यावर पॉलिश पेपर मारू का? आणि रोलर पितळेचा करून घेतला तर पुन्हा झिजणार नाही ना?

सिरीज_बोर्ड

मारा की. मी नेहमी मारतो, बारीक घेतला की झालं.

तांब्याचे_वेढे

इथे माझं मत वेगळं आहे, आणि जरा सविस्तर लिहितो, कारण या ट्रान्सफॉर्मरची सगळी गंमत त्या रोलरमध्ये आहे.

मूठ फिरवली की रोलर एका वेढ्यावरून दुसऱ्यावर जातो. जाताना तो क्षणभर, आणि मूठ तिथेच थांबली तर कायमचाच, शेजारच्या दोन वेढ्यांना एकदम टेकलेला असतो. म्हणजे त्या दोन टोकांमधला एक वेढा शॉर्ट झालेला असतो. त्या एका वेढ्यात व्होल्ट अगदी थोडे असतात, पण तांब्याचा रोध नगण्य, त्यामुळे त्यातून प्रचंड करंट फिरू शकतो. तो अडवतो रोलरचा कार्बन. कार्बनचा रोध तांब्याच्या मानाने खूप जास्त, म्हणून फिरणारा करंट आटोक्यात राहतो. पितळेचा रोलर बसवला तर झिजणार नाही हे खरं, पण तो वेढा लाल होईपर्यंत तापेल आणि शेजारच्यांचं इनॅमल जाळेल. न मरणारं तांबं मारायचा हा खात्रीचा मार्ग आहे. रोलर कार्बनचाच घ्या, मापाचे नवे मिळतात.

पॉलिश पेपरला माझा विरोध दोन कारणांनी आहे. त्याचे कण आणि खरवडलेलं तांबं वेढ्यांच्या फटीत जाऊन बसतात, आणि तीच फट इन्सुलेशन आहे. शिवाय वेढ्यांचा माथा आधीच घासून सपाट केलेला असतो, दरवेळी तो आणखी पातळ होतो. आधी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाची काडी, दहा वेळा लागली तरी चालेल. काळा थर बहुतेक कार्बनची पूडच असते, ती निघते. ठिणगीने पडलेला खड्डा असेल तर तेवढ्याच जागी हलक्या हाताने बारीक पॉलिश पेपर, वेढ्यांच्या दिशेने, आडवा नाही. मग ब्रशने फटी झाडून घ्या. स्टील वूल तर अजिबात नको, त्याचा एक तंतू फटीत राहिला की शॉर्ट.

आणि तिथे ग्रीस लावू नका. मुठीच्या दांड्याला थेंबभर तेल, बास.

सिरीज_बोर्ड

फटीत कण बसतात हे पटलं. माझ्या केडब्ल्यूत (लायोनेलच्याच दुसऱ्या ट्रान्सफॉर्मरमध्ये) एक जागा नेहमीच जास्त तापते, आज उघडून भिंगाने बघतो.

सेलेनियम

शिट्टीबद्दल कुणी लिहीपर्यंत वाट बघत होते. लायोनेलच्या शिट्टीची कल्पना मला फार आवडते. गाडी एसीवर चालते, शिट्टीचा रिले (करंट मिळाला की ओढला जाणारा विजेचा स्विच) एसीला दाद देत नाही. मूठ दाबली की एका रेक्टिफायरमधून रुळांवर एसीसोबत थोडा डीसी जातो, तो रिले ओढतो आणि डब्यातली मोटर हवा फुंकू लागते. मुठीला दोन टप्पे आहेत. पहिल्या टप्प्यात डीसी जास्त, कारण रिले ओढायला जोर लागतो. दुसऱ्यात कमी, कारण ओढलेला रिले धरून ठेवायला थोडा पुरतो. रेक्टिफायरमध्ये पडणारे व्होल्ट भरून काढायला वेगळे जादा वेढे दिलेत, म्हणजे शिट्टी वाजवली की गाडी मंद होऊ नये. इतका विचार एका खेळण्यासाठी.

झेडडब्ल्यूत ही सोय ए आणि डी या टोकाच्या दोन मुठींनाच आहे, मधल्या दोघींना नाही. प्रत्येकीची वेगळी गोल चकती असते. जुन्यांत कॉपर ऑक्साइडची, नंतरच्यांत सेलेनियमची. चकतीचा रोध वयाबरोबर वाढतो, मग डीसी पुरेसा मिळत नाही. तपासायला ए आणि यू (सगळ्यांचा करंट जिथून परत येतो ते सामाईक टोक) मध्ये मीटर डीसीवर लावा आणि मूठ दाबा. शून्याच्या जवळ आलं तर चकती गेली. मूठ सोडल्यावरही डीसी राहिला तर संपर्क चिकटलाय, मग शिट्टी थांबतच नाही.

जागी सिलिकॉन डायोड लावा, बोल्टवर बसणारा, 35 ते 40 अँपिअरचा, निदान 50 व्होल्टचा. शिट्टी वाजत असताना गाडीचा करंट याच वाटेने जातो आणि रुळावर शॉर्ट झाला तर त्याहून कितीतरी जास्त, म्हणून लहान डायोड टिकत नाही. दोन्ही मुठींचे डायोड एकाच दिशेला लावा. जुन्या रिलेला दिशेचं काही नाही, पण नवीन इंजिनांतली इलेक्ट्रॉनिक्स एका दिशेला शिट्टी आणि उलट्या दिशेला घंटा समजते.

चकती पेटवून किंवा तापवून प्रयोग करू नका. जळक्या सेलेनियमचा वास सडक्या लसणासारखा असतो आणि वायू विषारी. वास आला तर वीज बंद करून खिडक्या उघडा आणि खोलीबाहेर जा.

बारा_व्होल्ट

एसीवाल्यांच्या गर्दीत आमच्या डीसीवाल्यांचंही थोडं. हॉर्नबी डब्लो ही ब्रिटिश खेळगाडी 1938 मध्ये बाजारात आली ती 12 व्होल्ट डीसीवर. माझ्याकडे त्या गाड्यांसोबत एच अँड एम ड्युएट हा कंट्रोलर आहे. त्यात ट्रान्सफॉर्मर, मग सेलेनियमचा रेक्टिफायर, मग वेग कमी करायला तारेचा रिओस्टॅट (कमी-जास्त करता येणारा रोध). सेलेनियम काढून सिलिकॉनचा ब्रिज लावला तर व्होल्ट वाढतात, जुन्या थकलेल्या सेलेनियमच्या मानाने चांगलेच. कमाल वेगाला गाडी वळणावरून उडायला लागली की ते लक्षात येतं.

गुळगुळीत डीसी मिळावा म्हणून कपॅसिटर जोडू नका. व्होल्ट शिखराच्या पातळीला जातात, आणि त्या मोटरी सेकंदाला शंभर ठोके असलेल्या डीसीवरच हळू चालताना अडकत नाहीत. तसंच, रिओस्टॅट जास्त करंट खाणाऱ्या जुन्या मोटरींच्या हिशोबाने बनवलाय. नवीन मोटर फार कमी करंट घेते, मग रिओस्टॅटमध्ये व्होल्ट पडतच नाहीत आणि मूठ अर्ध्यावर आणली तरी गाडी सुसाट. लोक तेव्हा ट्रान्सफॉर्मर बिघडला म्हणतात, तो बिघडलेला नसतो.

जुन्या रिओस्टॅटच्या आत राखाडी तंतूंचा कागद दिसला तर तो अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो. खरवडू नका, फुंकर मारू नका.

मधला_रूळ

मार्कलिन या जर्मन खेळगाड्यांचंही सांगतो. तिथे गाडी 16 व्होल्टपर्यंत चालते आणि दिशा बदलायला मूठ उलटी दाबून 24 व्होल्टचा ठोका देतात, इंजिनातला रिले त्याने पलटतो. जुना 220 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर आजच्या 230वर लावला की तो ठोका 25च्या वर जातो, रुळावर भार नसेल तर आणखी वर. जुन्या रिलेला काही होत नाही. डिकोडर (रुळावरचे डिजिटल हुकूम वाचणारा इलेक्ट्रॉनिक भाग) बसवलेलं इंजिन त्याच रुळावर असेल तर डिकोडर जळू शकतो. ट्रान्सफॉर्मर निरोगी असला तरीही.

तांब्याचे_वेढे

@रुळांवरचा, आता ब्रेकर. हा भाग घाईत वाचू नका.

झेडडब्ल्यूचा ब्रेकर द्विधातूच्या (तापली की वाकून जोड तोडणाऱ्या) पट्टीचा आहे. तो साधारण 15 अँपिअरला सुटतो आणि तापायला काही सेकंद घेतो. त्या सेकंदांत गाडीच्या आतली केसासारखी वायर जळून जाते. आणि तो बसवलाय यू च्या वाटेवर, जिथून सगळ्यांचा करंट परत येतो. आता दोन भाग केलेला रूळ घ्या. एक भाग ए वर 8 व्होल्टला, दुसरा डी वर 16ला. गाडी फटीवरून जाताना तिचे मधल्या रुळावरून करंट घेणारे दोन रोलर दोन्ही भागांना एकदम जोडतात. ए आणि डी मधला फरक शॉर्ट झाला, पण तो करंट यू मधून जातच नाही. ब्रेकरला काही कळतच नाही. गाडी नेमकी तिथेच थांबली तर ट्रान्सफॉर्मरचे रोलर आणि वेढे जळेपर्यंत ते चालू राहतं.

म्हणून ए, बी, सी, डी प्रत्येक टोकावर बाहेर वेगळा जलद फ्यूज लावा, 7 ते 10 अँपिअरचा. आतला ब्रेकरही नवा टाका. माझ्या मते शिट्टीपेक्षा आधी हे काम करायला हवं. शिट्टी वाजली नाही तर काही बिघडत नाही.

रुळांवर नवीन इंजिन येणार असेल तर रुळांच्या टोकाला ए आणि यू मध्ये दोन्ही दिशांचा टीव्हीएस डायोड (व्होल्टचे क्षणिक झटके गिळणारा) लावा, 1.5केई36सीए. 20 व्होल्ट एसीचं शिखर 28 व्होल्टच्या थोडं वर असतं, 36चा डायोड त्याला हात लावत नाही, पण चाक घसरल्यावर उठणारा झटका गिळतो. फ्यूजचं काम तो करत नाही, आणि त्याचं काम फ्यूज करत नाही.

सेलेनियम

आणखी एक, कारण इथे बरेच जण दोन ट्रान्सफॉर्मर वापरतात. दोन्हींचे यू जोडा, दोन्ही 10 व्होल्टला ठेवा आणि एकाचा ए ते दुसऱ्याचा ए मोजा. शून्याजवळ आलं तर फेज (एसीच्या चढ-उताराची लय) जुळली. 20 आलं तर उलटी आहे, एकाची मेन्सची दोन टोकं आत अदलाबदल करा.

आणि दोन्ही एकाच रुळाला जोडलेले असताना एकाचा प्लग भिंतीतून काढून हातात धरू नका. दुसऱ्याकडून रुळांमार्गे आलेले 20 व्होल्ट त्या ट्रान्सफॉर्मरमध्ये उलटे शिरतात आणि प्लगच्या उघड्या पिनांवर शंभराच्या वर व्होल्ट येतात. ट्रान्सफॉर्मरला कुठली बाजू आपली हे माहीत नसतं. आधी रुळांच्या वायरी सोडवा, मग प्लग काढा. मुलांना हे प्रात्यक्षिकाने नाही, तोंडी आणि पुन्हा पुन्हा सांगा.

हर्ट्झमापी

+1. हे एवढं एक वाक्य प्रत्येक जुन्या खोक्यावर चिकटवायला हवं.

रुळांवरचा

झालं. तीन आठवडे लागले.

तीन पदरी नवी वायर घातली. अर्थ गाभ्याच्या पत्र्यांना दिला, त्याआधी यू आणि गाभा यांच्यात काही जोड नाही हे तपासलं. वायर खोक्यातून बाहेर येते तिथे ताण घेणारी पकड बसवली. चारही रोलर कार्बनचे नवे, मधल्यांचेही, कारण उघडलंच होतं. वेढे फक्त अल्कोहोलने साफ केले, एका जागी खड्डा होता तिथे थोडा पॉलिश पेपर. दोन डायोड, नवा ब्रेकर, बाहेर चार फ्यूजची पट्टी.

सिरीज बल्ब क्षणभर चमकला आणि विझल्यासारखा झाला. मग 96 व्होल्टवर रिकामा एक तास ठेवला, हात ठेवता येईल इतका कोमट. घुमण्याचा आवाज कान टेकवल्याशिवाय येत नाही. ए वर मूठ पूर्ण फिरवून 16.8 व्होल्ट. शिट्टीच्या पहिल्या टप्प्यात डीसी पावणेपाचच्या आसपास, दुसऱ्यात बराच कमी. आचके गेले.

मामांना फोनवरून शिट्टी ऐकवली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "डी ची पण वाजव."

काय काय बदललं ते एका कागदावर लिहून झाकणाच्या आत चिकटवलंय, पुढे कुणी उघडेल त्याच्यासाठी.

हर्ट्झमापी

फार छान काम केलंत. कागद आत आहे तो ठीकच, पण "50 हर्ट्झवर 96 व्होल्टच" हे बाहेर, प्लगजवळच्या वायरीवर टॅग लावून लिहा. आतला कागद वाचायची वेळ येईल तेव्हा प्लग आधीच भिंतीत गेलेला असेल.

रुळांवरचा

बरोबर. आजच लावतो.